सिद्धेश्वर एक्सप्रेसचे ४० किलो, युरोपातल्या बसचे २०

सोलापूर स्टेशनवर सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये थर्ड एसीच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं, आणि ते मोजायला सहसा कोणी येत नाही. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बऱ्याच विमानांत साध्या तिकिटावर चेक-इनची बॅग २३ किलोची. तिथे उतरून फ्लिक्सबस या बसकंपनीची हिरवी गाडी धरली, की डिकीतली एक बॅग २० किलो आणि हातातली एक ७ किलो. टप्प्यागणिक आकडा आखडत जातो आणि आपण मात्र बॅग भरतो ती पहिल्या आकड्याच्या भरवशावर. म्युनिक, प्राग, बर्लिन, पॅरिस, लंडन या वाटेवर निघताना माझी बॅग सोलापुरातच शेवटच्या आकड्यावर भरलेली असते. तिकडे बसस्टँडच्या फरशीवर बॅग उघडून स्वेटर अंगावर चढवत बसणं टळतं.

किलोपेक्षा सेंटिमीटर जास्त छळतात. फ्लिक्सबसचं डिकीतल्या बॅगेचं माप ८० × ५० × ३० सेंटिमीटर, हातातल्या बॅगेचं ४२ × ३० × १८. हे दुसरं माप पुन्हा एकदा वाचा. विमानाच्या केबिनमध्ये चालणारी ५५ × ३५ × २५ ची छोटी ट्रॉली या हिशेबात हातातली बॅग ठरत नाही. ती डिकीत जाते, म्हणजे तुमची दुसरी डिकीची बॅग होते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. विमानासाठी ‘एक मोठी, एक छोटी ट्रॉली’ अशी जोडी घेऊन निघालेली बहुतेक मंडळी इथेच अडकतात. जोडी हवी ती मोठी ट्रॉली आणि शाळेच्या दप्तराएवढी सॅक अशी. डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर डोक्यावरचा रॅक इतका चिंचोळा असतो, की फुगलेली सॅकही शेवटी पायाशीच येते.

माप घ्यायचं ते शिंप्याच्या टेपने, बॅग पूर्ण भरल्यावर, चाकं आणि बाहेर आलेलं हँडल धरून. दुकानात ‘२८ इंची’ म्हणून विकली जाणारी ट्रॉली उंचीला बसते, पण जाडीला दगा देते. पोट वाढवणारी जी जादा चेन असते ती उघडली, की ३० ची जाडी सहज ३५ होते. ती चेन मी सरळ सुतळीने बांधून टाकते. वजनासाठी हुकाचा लटकता काटा घ्या आणि १८ किलोवर थांबा. उरलेले दोन किलो वाटेत लागतातच.

दुसरी बॅग लागणारच असेल, तर तिचे पैसे तिकीट काढतानाच भरावेत. ऐनवेळी डिकीत जागा उरली तरच चालक ती घेतो. जुन्या पुणे नाक्यावर खासगी गाडीत क्लीनर जसं पोतं, खोका, सायकल सगळं कोंबून देतो, तसं तिथे कोणी नसतं. बहुतेक गाड्यांवर चालक एकटाच: तिकीट तोच तपासतो, पासपोर्ट तोच बघतो, डिकी तोच उघडतो, आणि वेळ झाली की निघतो. निदान पंधरा-वीस मिनिटं आधी थांब्यावर हवं. उतरण्याचं ठिकाण त्याला सांगूनच बॅग द्यावी, कारण शेवटच्या गावाच्या बॅगा आत आणि मधल्या थांब्याच्या दाराशी असा क्रम असतो. न सांगता दिलेली बॅग आतल्या कोपऱ्यात गेली, तर मधल्या थांब्यावर सगळी गाडी तुमच्याकडे बघत बसते.

डिकी प्रत्येक थांब्यावर उघडते आणि कोण कुठली बॅग उचलतो हे सहसा कोणी तपासत नाही. चोरीपेक्षा अदलाबदल जास्त होते, कारण दहातल्या सहा बॅगा काळ्या. नाव, पत्ता, +९१ सकट मोबाईल नंबर आणि ईमेल लिहिलेलं लेबल बाहेर हवंच. तशीच एक चिठ्ठी आत, सगळ्यात वर. हँडलला सोलापुरी चादरीच्या कापडाची भडक पट्टी शिवून घेतली, तर पंधरा पावलांवरून बॅग ओळखू येते. बसायचं उजव्या खिडकीला. ब्रिटन सोडलं तर तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे दार आणि डिकी फुटपाथकडे, म्हणजे उजवीकडे उघडते. आपल्याकडच्या सवयीने डावीकडे बसलात, तर रात्री तीनला कोणी काय उतरवलं ते दिसणार नाही.

पासपोर्ट, पैसे, औषधं, चष्मा, लॅपटॉप डिकीत कधीच ठेवू नये. पासपोर्ट तर नाहीच नाही. ‘शेंगेनमध्ये’, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, ‘तपासणी नसते’ हे ऐकून निर्धास्त राहण्याचे दिवस गेले. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. त्यामुळे प्रागहून बर्लिनला जाताना पोलीस गाडीत चढू शकतात, आणि त्यांना मूळ पासपोर्ट लागतो. झेरॉक्स चालत नाही. पॉवरबँकही हातातच. २०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे सुमारे ७४ वॉट-अवर, विमानाच्या १०० च्या मर्यादेत बसते. बसमध्ये सॉकेट असतात, पण तुमच्याच सीटचा बंद निघतो.

आता खाण्याचं, कारण सोलापूरकराची बॅग तिथेच जड होते. कडक भाकरी या प्रवासासाठीच जन्मली असावी: तेल नाही, वास नाही, वजन जवळजवळ नाही. फक्त ती चपट्या डब्यात, वर-खाली कागद घालून हातातल्या सॅकमध्ये ठेवा. डिकीत गेली तर भुगाच हाती येतो. शेंगा चटणीचं मात्र जपून. कुटलेल्या शेंगदाण्याला उष्णतेने तेल सुटतं आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीच्या शिवणीतून हमखास झिरपतं. चटणी झिपच्या पिशवीत, ती पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि डबा जुन्या पंच्यात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध. बंद गाडीत रात्री लसणाचा डबा उघडू नये, हा लेखी नियम नाही, पण पाळावा.

तूप, पेढे, खवा घरीच राहू द्या. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं-भाज्याही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनला. म्हणजे आपलं डाळिंब बाद, कढीपत्ताही बाद. खोबऱ्याची वाटी तर मुंबईच्या विमानतळावरच अडते. सुक्या खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात.

भेट म्हणून चादर न्यायचीच असते. नवी पेठेत घेतानाच तिथल्या काट्यावर ठेवून बघा आणि तो आकडा १८ मधून वजा करा. हवा काढून घेणाऱ्या पिशवीने जाडी कमी होते, वजन होत नाही, हे इतकं उघड असूनही दर वेळी लोक फसतात. आणि स्वतःसाठी सोलापुरी टर्किश टॉवेल नको. तो चांगला आहे म्हणूनच नको: जाड, पाणी धरणारा, होस्टेलच्या खोलीत दोन दिवस वाळत नाही, आणि ओला टॉवेल बॅगेत घातला की तेवढं पाणीही आपणच वाहतो. पंचा घ्या.

बॉस्निया किंवा सर्बियाकडे वळणार असाल, तर हिशेब निराळा. तिथल्या स्थानिक गाड्यांत डिकीतल्या प्रत्येक बॅगेचे सुटे पैसे रोख मागतात, बहुधा युरो-दोन युरोच्या घरात, स्थानिक नाण्यांत. मोठी नोट काढली तर कपाळावर आठ्या पडतात.

पॅरिसच्या बर्सी-सेन स्टँडवरून लंडनची गाडी धरली, की फ्रान्सच्या कॅले बंदराला सगळ्यांना उतरवतात. आधी फ्रान्सची बाहेर पडतानाची तपासणी, मग तिथेच ब्रिटनची. कधी डिकीतल्या बॅगाही काढून स्कॅनरमधून न्याव्या लागतात, म्हणून बॅग आपल्याला एकट्याने उचलता यायला हवी. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि परत युरोपात यायचं असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा. पॅरिसमध्ये घेतलेलं चीज इथपर्यंत संपवावं. १२ एप्रिल २०२५ पासून ते ब्रिटनमध्ये नेता येत नाही, चीजचं सँडविचसुद्धा नाही. पुढे समुद्राखालच्या बोगद्यातून गेलात तर साधारण ३५ मिनिटं बसमध्येच बसून राहायचं. फेरी असेल तर दीड तास, आणि गाडीतून उतरून वरच्या डेकवर जावंच लागतं. खालचा वाहनांचा मजला मध्ये उघडत नाही, तेव्हा कोट, औषध आणि पाकीट बरोबर घ्या. वर जाताना जिन्याचा रंग आणि मजल्याचा नंबर मोबाईलमध्ये टिपून ठेवा, खाली सगळ्या बस सारख्याच दिसतात.

लंडनच्या व्हिक्टोरिया कोच स्टेशनवर बॅग हातात आली, की पट्टी दिसली म्हणून निघू नका, लेबल वाचा. गाडी गेल्यावर अदलाबदल कळली, तर हरवलेल्या सामानाच्या अर्जात बॅगेचा रंग, माप, कंपनी आणि आतल्या वस्तूंची यादी मागतात. म्हणून सोलापुरात चेन लावण्याआधी उघड्या बॅगेचा एक आणि बंद बॅगेचा एक, टेप शेजारी ठेवून, असे दोन फोटो काढून ठेवायचे.