ईडनचा ओल्ड टॉम आणि त्याचे वल्हेकरी

सिडनीहून किनाऱ्याच्या रस्त्यानं मेलबर्नला निघालं की साधारण अर्ध्या वाटेवर ईडन लागतं. तीनेक हजार वस्ती, ट्वोफोल्ड बे या उपसागराचं खोल पाणी, धक्क्याला लागलेल्या मासेमारीच्या बोटी. बहुतेक जण पेट्रोल भरून पुढे जातात. मी मात्र भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला इथल्या किलर व्हेल म्युझियममध्ये नेतेच.

तिथे ओल्ड टॉमचा सांगाडा आहे. ओल्ड टॉम हा ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, लांबी सुमारे २२ फूट. जबड्यापाशी वाकून बघा, काही दात झिजून पार बुंध्याशी आलेत. शिकारीच्या वेळी तो नावेचा दोर दातांत धरून ओढायचा, म्हणून ही झीज, असं गावात सांगतात.

शिकार व्हायची ती अशी. थंडीच्या दिवसांत मोठे देवमासे किनाऱ्यालगत येत. ऑर्कांचा कळप त्यांना घेरून बेमध्ये हाकलून आणायचा. मग कळपातले एकदोघे काया नदीच्या मुखाशी, देवमाशांची शिकार करणाऱ्या डेव्हिडसन कुटुंबाच्या ठाण्यासमोर, पाण्यावर शेपट्या आपटायचे. तो आवाज ऐकून माणसं रात्री-अपरात्रीसुद्धा नावा बाहेर काढत. हार्पून आणि भाल्यानं देवमासा मारला की त्याला नांगर टाकून तसाच ठेवायचे. जीभ आणि ओठ ऑर्कांचे. एकदोन दिवसांत धूड फुगून वर आलं की चरबी माणसांची. या वाटणीला तिथे ‘जिभेचा कायदा’ म्हणतात. आपल्याकडे सुगीत बलुतेदाराचं बलुतं ठरलेलं असे, तसाच हा चोख व्यवहार.

डेव्हिडसनांचा धंदा १८६० च्या दशकात सुरू झाला आणि अलेक्झांडर डेव्हिडसनपासून नातू जॉर्जपर्यंत चालला. पण ऑर्कांशी नातं त्यांनी जोडलेलं नव्हतं. ते युइन राष्ट्रातल्या थावा या इथल्या मूळच्या आदिवासी लोकांचं, गोरे लोक इथे येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं. आपले गेलेले पूर्वज ऑर्का होऊन परत येतात, ही त्यांची श्रद्धा, आणि कळपातल्या काही ऑर्कांना मरण पावलेल्या वल्हेकऱ्यांची नावं दिलेली होती. डेव्हिडसनांच्या होड्यांवर वल्ही मारणारेही बरेचसे हेच लोक. गोष्ट सांगताना मात्र जॉर्ज आणि टॉम पुढे येतात, वल्हेकरी मागेच राहतात. हे मला फार खटकतं. त्यांच्याशिवाय ही गोष्ट उभीच राहत नाही.

दातांची आणखी एक गोष्ट आहे. १९२० च्या दशकात लोगन नावाच्या गृहस्थांनी शिकार टॉमला न देता आपल्याकडे ओढली. त्या रस्सीखेचीत टॉमचे दात निखळले, पुढे जबडा पिकला, असं म्हणतात. १७ सप्टेंबर १९३० रोजी टॉम बेमध्ये मेलेला सापडला. त्याचा सांगाडा जपण्यासाठी लोगन यांनीच पुढाकार घेतला. टॉमनं डेव्हिडसनांच्या तीन पिढ्यांबरोबर शिकार केली, अशी गावाची ठाम समजूत आहे. पण दातांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याचं वय पस्तीसच्या आसपास काढलं. माझा अंदाज असा, की ‘टॉम’ हे नाव एकाकडून दुसऱ्याकडे गेलं असावं.

बेच्या उत्तरेला आणि दक्षिणेला पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानाला पूर्वी बेन बॉइडचं नाव होतं. हा १८४० च्या दशकातला धनाढ्य व्यापारी. पॅसिफिक बेटांवरची माणसं जहाजांत भरून त्यानं इथे मजुरीला आणली. २०२२ साली ते नाव काढून उद्यानाला ‘बेओवा’ हे थावा भाषेतलं ऑर्काचं नाव दिलं. मला विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं.

डेव्हिडसनांचं जुनं ठाणं याच उद्यानात आहे आणि बॉइडचा दगडी मनोराही. त्या मनोऱ्यावरून पूर्वी देवमाशांवर नजर ठेवायचे. मुलांकडे सिडनी-मेलबर्नला येणार असाल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ धरा. हंपबॅक माद्या पिल्लांना घेऊन दक्षिणेला निघालेल्या असतात आणि त्या बघायला बोटी जातात. म्युझियमला निदान अर्धा दिवस ठेवा, आणि थावा वल्हेकऱ्यांबद्दल तिथल्या माणसांना आवर्जून विचारा.