दोन ओपनसीव्ही, एक लॅपटॉप: गॅलरीतल्या पाखरांची नोंद

कुंडीशेजारच्या ताटलीवर येणारी पाखरं मोजणारा माझा जुना प्रोग्रॅम या रविवारी पुन्हा चालू झाला. मध्ये तीन रविवार गेले आणि त्यांतला प्रोग्रॅम लिहिण्यात गेलेला वेळ जवळजवळ शून्य. सगळा गेला तो ओपनसीव्हीच्या, म्हणजे चित्रं आणि व्हिडिओ तपासायच्या तयार कोडच्या लायब्ररीच्या, दोन आवृत्त्यांना एका लॅपटॉपवर नांदवण्यात. आपल्यापैकी कुणी ना कुणी या वाटेने जाणारच, म्हणून चुकांसकट लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गॅलरीत एक वेबकॅम आहे, ताटलीत बाजरी, शेजारी पाणी. जुना प्रोग्रॅम मी २०१६ साली सी++मध्ये ओपनसीव्ही ३ वर लिहिला. तो ‘मॉग-टू’ वापरून चित्रातून पार्श्वभूमी वजा करतो, उरलेल्या ठिपक्यांच्या कडा काढतो आणि आकारावरून पाखरू की वाऱ्याने हललेलं पान ते ठरवतो. बुलबुल आणि साळुंकी त्याला सारख्याच. नवा प्रोग्रॅम ओपनसीव्ही ४ च्या डीएनएन (न्यूरल नेटवर्क) मॉड्यूलवर आहे, तो ओएनएनएक्स स्वरूपातलं आधीच शिकवलेलं मॉडेल लावून जात ओळखायचा प्रयत्न करतो. लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स, आणि त्याच्या भांडारातून ‘ॲप्ट’ने येते ती ओपनसीव्ही ४.६.०.

जुनं सरळ चारवर का नेत नाहीस, हा प्रश्न येणारच. नेता येईल. जुनी ‘सीव्ही_’ने सुरू होणारी स्थिरांकांची नावं बदलायची, आणि सी भाषेच्या काळातले ‘सीव्हीलोडइमेज’सारखे कॉल चारमधून गेलेत त्यांच्या जागी नवे लिहायचे. एका दुपारचं काम. पण मला नवी मोजणी जुन्या मोजणीशी ताडून बघायची आहे, आणि ताडताना फूटपट्टीच बदलली तर कशाला काय अर्थ उरला? जुना प्रोग्रॅम जुन्याच लायब्ररीवर, एक अक्षर न बदलता चालायला हवा होता.

पहिला रविवार

३.४.१६ चा सोर्स उतरवला आणि बिल्डला लावला. पहिली ठेच एफएफएमपेगची, म्हणजे व्हिडिओ वाचणाऱ्या लायब्ररीची. डेबियन १२ मध्ये एफएफएमपेग ५.१ आहे, आणि ५.० पासून जुन्या काही गोष्टी त्यांनी काढून टाकल्यात, ज्यांवर हा ओपनसीव्हीचा कोड विसंबून आहे. सीमेकला (बिल्डची मांडणी करणाऱ्या साधनाला) ‘विथ_एफएफएमपेग’ बंद करायला सांगितलं आणि पुढे गेले. व्हिडिओ फायली कशा वाचणार ते नंतर बघू म्हटलं. ‘बिल्ड_लिस्ट’मध्ये फक्त लागणारी मॉड्यूल्स दिली तर बिल्ड बराच लवकर होतो, हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. चार जीबी रॅममध्ये मेक चार धाग्यांवर चालवला की कंपायलर मधेच मारला जातो. दोनवर ठेवा.

मग मोठी चूक. इन्स्टॉलची जागा न सांगता ‘मेक इन्स्टॉल’ केलं, आणि सगळं ‘/यूएसआर/लोकल’मध्ये जाऊन बसलं.

एक चिमुकली चाचणी लिहिली: चित्र वाच, राखाडी कर, लिहून ठेव. सीमेकचा व्याप नको म्हणून जी++ या कंपायलरला नुसतं लायब्ररीचं नाव दिलं. लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) म्हणाला, ‘सीव्ही::स्ट्रिंग’ घेणारं ‘इमरीड’ सापडत नाही. अर्धा तास मी लायब्ररीचं नाव बरोबर आहे का तेवढंच तपासत बसले. नाव बरोबरच होतं. गोंधळ असा की कंपायलरने हेडर (फंक्शनांची यादी असलेल्या फायली) उचलले ‘/यूएसआर/लोकल’मधले, म्हणजे ३.४ चे, कारण ती जागा तो न सांगता धुंडाळतो. चारचे हेडर ‘ओपनसीव्ही४’ नावाच्या वेगळ्या उपफोल्डरात असतात, तिथे तो आपणहून जात नाही. लिंकरला मात्र डेबियनची स्वतःची लायब्ररींची जागा आधी दिसली, आणि तिथे होती ४.६. वर अंगरखा तीनचा, आत माणूस चारचा.

आणि ही चूक दिसली ते नशीब म्हणायचं. तीनमध्ये ओपनसीव्हीची स्वतःची स्ट्रिंग होती, चारमध्ये ती साधी ‘एसटीडी::स्ट्रिंग’ झाली. म्हणून सी++च्या नियमाने फंक्शनचं आतलं नाव बदललं आणि लिंकर अडखळला. नुसतं ‘मॅट’ (चित्र ठेवायचा प्रकार) आणि राखाडी करणं एवढंच असलेली दुसरी फाइल निमूटपणे लिंक झाली. चाललीही. त्याची मला जास्त धास्ती वाटली.

तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला मी दोन ओळी छापते. एक हेडरमधला आवृत्तीचा मॅक्रो, दुसरी ‘गेटबिल्डइन्फर्मेशन’ने येणारी माहिती. मॅक्रो सांगतो कोणत्या हेडरने कंपाइल झालं, दुसरी सांगते प्रत्यक्षात कोणती लायब्ररी हजर आहे. त्या दिवशी एक ३.४.१६ म्हणत होता, दुसरी ४.६.०. (खरं तर दुसरी ओळ छापली जायलाच नको होती. ते फंक्शन चारमध्ये ‘एसटीडी::स्ट्रिंग’ परत करतं आणि माझा कोड ती तीनची स्ट्रिंग समजून वाचत होता. पण दोन्हींच्या पोटात आधी पॉइंटर आणि मग लांबी असा एकच क्रम आहे, म्हणून योगायोगाने जमलं.)

संध्याकाळी ‘मेक अनइन्स्टॉल’ करून पाटी कोरी केली.

दुसरा रविवार

या वेळी जागा नीट सांगितली: ‘/ऑप्ट/ओपनसीव्ही-३.४’. हेडर, लायब्ररी, सीमेकच्या फायली, सगळं त्याच छपराखाली. नको झालं की फोल्डर उडवायचा, संपलं. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. एकच लायब्ररी तीन वेगवेगळे लोक तीन वेगवेगळ्या वेळी शोधतात. कंपायलर हेडर शोधतो, लिंकर लायब्ररीची फाइल शोधतो, आणि प्रोग्रॅम चालवताना लोडर पुन्हा पहिल्यापासून शोधायला निघतो. हे तिघे एकमेकांशी बोलत नाहीत. लिंकरला ‘-एल’ने दाखवलेली वाट लोडरच्या कानावर जातच नाही.

सीमेकला ‘ओपनसीव्ही_डीआयआर’ दिलं की पहिल्या दोघांचं काम होतं. ३.४ साठी ती जागा आतल्या ‘शेअर/ओपनसीव्ही’मध्ये असते, चारसाठी ‘लिब/सीमेक/ओपनसीव्ही४’मध्ये. हे बदलताना बिल्ड फोल्डर पुसून नव्याने करा. सीमेक जुन्या वाटा कॅशमध्ये जपून ठेवतो, आणि त्यांतली एखादी मागे राहिली की गोंधळ होतो. दोन आवृत्त्यांना दोन बिल्ड फोल्डर, हा आता माझ्याकडे नियम आहे.

तिसऱ्याने, म्हणजे लोडरने, छळलं. बिल्ड फोल्डरातून प्रोग्रॅम चालायचा, इन्स्टॉल केला की ‘लिबओपनसीव्ही_कोअर.एसओ.३.४’ सापडत नाही म्हणून आडवा पडायचा. कारण साधं निघालं. बिल्ड करताना सीमेक बाइनरीत लायब्ररीची वाट लिहून ठेवतो आणि इन्स्टॉल करताना ती आपणहून पुसतो. प्रोग्रॅमसाठी ‘इन्स्टॉल_आरपाथ’ दिला. तरी तीच तक्रार. या वेळी ती माझ्या ‘मोजणी’ या छोट्या मदतनीस लायब्ररीकडून येत होती. प्रोग्रॅम स्वतः ओपनसीव्हीला हात लावत नाही, तो मोजणीला बोलावतो आणि मोजणी ओपनसीव्हीला. हल्ली बाइनरीत जुन्या आर-पाथऐवजी बहुधा रन-पाथ लिहिला जातो, आणि रन-पाथ फक्त थेट बोलावलेल्यांपुरता असतो. बोलावलेल्याने पुढे ज्याला बोलावलं, त्याला तो लागू होत नाही. घरमालकाने दिलेली किल्ली पाहुण्याच्या पाहुण्याला चालत नाही, तसं. मोजणीच्या बाइनरीतही वाट लिहिली आणि गाडी चालू झाली. ‘रीडएल्फ -डी’ने प्रत्येक बाइनरीत काय लिहिलंय ते दिसतं, ‘एलडीडी’ने शेवटी कुठली फाइल सापडते ते. आधी हे दोन, मग डोकं खाजवायचं.

लोडरला वाट सांगणारं ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ टर्मिनलच्या बॅशआरसी फाइलीत टाकून मोकळी हो, असं दोघांनी सुचवलं. तीन आणि चारपुरतं ते चालेलही, कारण लायब्ररींची नावंच वेगळी आहेत: एकीच्या शेपटाला ३.४, दुसरीच्या ४०६. पण तो फलक सगळ्या प्रोग्रॅमांना दिसतो. एखाद्या स्क्रिप्टपुरता ठीक, घरभर लावायला माझा विरोध आहे.

पायथॉनवाल्यांनो, तुमचं सोपं आहे. प्रत्येक प्रकल्पाला वेगळं व्हेंव्ह (स्वतंत्र पायथॉन वातावरण) करा आणि सुखी राहा. डेबियन १२ मध्ये पिप सिस्टिमच्या पायथॉनमध्ये काही टाकू देत नाही, त्यावर चिडू नका.

तिसरा रविवार

आता लोभ सुटला. दोन्ही मोजण्या एकाच प्रोग्रॅमात का नकोत? जुना भाग प्लगइन केला आणि चारवाल्या प्रोग्रॅमातून ‘डीएलओपन’ने (प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररी उघडणाऱ्या कॉलने) उघडला. दोन्ही लायब्ररी मेमरीत आल्या, कारण नावं वेगळी. पण त्यांच्या पोटातली फंक्शनं? ‘सीव्ही::मॅट’ची नावं दोन्हींत तीच. लोडर नावाने शोधतो, आणि ज्याचं नाव आधी सापडलं त्याच्याशी गाठ मारतो. तीनच्या कोडने हाक मारली, ओ दिली चारच्या मॅटने. पहिल्याच फ्रेमला सेगमेंटेशन फॉल्ट. डिस्कवर दोघी सुखाने राहतात, एका प्रोसेसमध्ये नाही. ‘डीएलएमओपन’ने वेगळा नेमस्पेस करता येतो, पण पाखरं मोजायला एवढी मुंज लावायची माझी तयारी नव्हती.

मग दोन प्रोग्रॅम, मध्ये पाइप: एकाचं आउटपुट थेट दुसऱ्यात. चारवाला कॅमेरा किंवा व्हिडिओ फाइल वाचतो, स्वतःची मोजणी करतो आणि तीच कच्ची फ्रेम तीनवाल्याकडे ढकलतो. त्यामुळे तीनला एफएफएमपेगची गरजच उरली नाही, पहिल्या रविवारचा प्रश्न आपोआप मिटला. ६४० गुणिले ४८० ची तीन रंगांची फ्रेम म्हणजे ९,२१,६०० बाइट, आणि लिनक्सच्या पाइपमध्ये एका वेळी मावतात ६५,५३६. एका ‘रीड’मध्ये अख्खी फ्रेम येईल असं मी धरलं होतं, म्हणून पहिलं चित्र फाटक्या गोधडीसारखं दिसलं. पूर्ण भरेपर्यंत वाचत राहणारं लूप घातलं. सेकंदाला पंधरा फ्रेम, म्हणजे एक कोटी अडतीस लाख बाइट, हा जुना लॅपटॉप आरामात ओढतो.

“अगं, तो पंखा सकाळपासून घुरघुरतोय, जळेल हं एखाद्या दिवशी,” असं आई म्हणून गेली तेव्हा पहिली तुलना पडद्यावर होती. उन्हाच्या वेळी जुना प्रोग्रॅम सतत जास्त मोजत होता. फ्रेम एकेक करून बघितल्या, तर तो कबुतराबरोबर कबुतराची सावलीही मोजत होता. मॉग-टू सावली ओळखतो आणि तिला पांढऱ्याऐवजी १२७ हा राखाडी आकडा देतो. मी तो गाळलाच नव्हता, आणि कडा काढणारं फंक्शन शून्य नसलेलं सगळं पाखरू धरतं. म्हणजे २०१६ पासून माझ्या वहीत सावल्यांची गणती आहे. जुना प्रोग्रॅम चारवर नेला असता तर ओघात एक थ्रेशोल्ड (ठरावीक आकड्याखालचं गाळणारी पायरी) घातला असता आणि हे कधी कळलंच नसतं. तो तसाच ठेवते आहे. दुरुस्त मोजणीचा वेगळा रकाना वहीत आता सुरू केला.

पुढचं काम पाखरांची नावं चित्रावर मराठीत लिहिण्याचं. ‘पुटटेक्स्ट’ देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं काढतो. त्यासाठी काँट्रिबमधलं (ओपनसीव्हीच्या जादा मॉड्यूलांच्या संचातलं) फ्रीटाइप मॉड्यूल हवं, ते अक्षरं नीट जोडायला हार्फबझ ही लायब्ररी वापरतं. काँट्रिब मुख्य सोर्सच्याच आवृत्तीचं लागतं, म्हणून ४.६.० च घेतली आहे आणि ती ‘/ऑप्ट’मध्ये तिसऱ्या फोल्डरात जाणार. इथे नावाचा आधारही नाही: डेबियनची आणि माझी, दोघींच्या शेपटाला ४०६. वाट लिहायची राहिली तर लोडर तक्रारही करणार नाही, डेबियनची कोअर गुपचूप उचलेल. सध्या मेक अर्ध्यावर आहे, दोन धाग्यांवर.