पचमढीचा वीकेंड : जाताना घड्याळ, उतरताना गिअर

नागपूरकरांसाठी पचमढी म्हणजे आधी मोठा महादेव, थंड हवेचं ठिकाण त्यानंतर. घरातलं कोणी ना कोणी तिथल्या नागद्वारीच्या यात्रेला जाऊन आलेलं असतं, त्यामुळे "पचमढी काय, इथेच तर आहे" असं सगळे बिनधास्त म्हणतात. इथेच नाही. मानकापूरहून निघालं की अडीचशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे आणि त्यातला परासियाच्या पुढचा सगळा भाग वळणांचा, जंगलाचा. शनिवारी सकाळी सहाला निघून चहा-पोह्यांचे थांबे धरले की पोचायला दीड वाजतो. जेवणं होईपर्यंत तीन. जंगलातली ठिकाणं बघायला भाड्याची जिप्सी करावी लागते, ते काम दुसऱ्या दिवसावर ढकललं जातं आणि दुसऱ्या दिवशी परतायचं असतं.

म्हणून आम्ही शुक्रवारी दुपारची अर्धी सुट्टी टाकतो आणि मुक्काम छिंदवाड्याला करतो. छिंदवाडा नागपूरहून साधारण १२८ किलोमीटर, अडीच ते तीन तास. पाचच्या आत मानकापूर-कोराडी पार करायचं, नाहीतर ऑफिस सुटल्यावरची गर्दी अर्धा-पाऊण तास खाते. पाटणसावंगीचा टोल, मग सावनेर. सावनेरला बैतूलचा रस्ता सरळ जातो आणि छिंदवाड्याचा उजवीकडे फुटतो. गप्पांच्या नादात इथेच चुकतात लोक. सीमा ओलांडली तरी सौंसरपर्यंत कानावर मराठीच पडते. जाम सावळीच्या निजलेल्या मारुतीला जायचं असेल तर तेही शुक्रवारीच उरका. शनिवारी तिथे पार्किंगलाच वेळ जातो. सौंसरच्या पुढे सिल्लेवानी घाट लागतो. तो छोटा आहे, पण ट्रक असतात. दिवेलागणीच्या आत तो ओलांडला की दिवसाचं काम झालं.

शनिवारी साडेपाचला छिंदवाडा सोडलं की परासियाचा कोळसा पट्टा रिकामा मिळतो आणि सातच्या सुमारास तामिया. हवा स्वच्छ असेल तर इथून समोर महादेवाच्या डोंगररांगा दिसतात. इथे वीस मिनिटं थांबायचं, त्यापेक्षा जास्त नाही. पाताळकोटचा मोह होतो, पण पाताळकोट हा स्वतंत्र दिवसाचा विषय आहे. दरीतल्या गावांना वरून बघून फोटो काढायचा आणि पळायचं, यात काही अर्थ नाही. तामियानंतर देलाखारी, मटकुली, आणि मटकुलीहून डावीकडे पचमढीचा घाट. थांबे धरून नऊ-साडेनऊला वर.

किती जण जायचं, हे गाडीवर नाही, जिप्सीवर ठरवा. धूपगड, बी फॉल ही ठिकाणं वनविभागाच्या हद्दीत आहेत. तिथे आपली गाडी चालत नाही, परमिट काढून जिप्सीच करावी लागते आणि एका जिप्सीत सहा जण बसतात. आठ जण गेलात तर दोन जिप्सी, म्हणजे खर्च दुप्पट आणि संध्याकाळी "तुमचे कुठे राहिले" हे वेगळंच. सहा जण आणि एक सात सीटर गाडी, हा हिशेब बसतो. परमिटची खिडकी बायसन लॉजला. जेम्स फोर्सिथने १८६२ मध्ये बांधलेली ही इमारत, आता तिथे संग्रहालय आहे. सोबत प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र ठेवा. रांगेत एकाने उभं राहायचं, बाकीच्यांनी खोल्या ताब्यात घ्यायच्या. सगळे रांगेत गेले की सगळ्यांचाच तास जातो. जिप्सीवाल्याशी पॉइंट आधी बोलून घ्या. बी फॉल सकाळी आणि धूपगड शेवटी, हा क्रम सोडू नका. बी फॉलला खाली उतरायच्या पायऱ्या भरपूर आहेत आणि दुपारी त्या चढून येताना जीव जातो. धूपगड साधारण १३५० मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच ठिकाण. तिथे सूर्यास्ताला सगळं गावच लोटतं, तेव्हा तासभर आधी पोचलेलं बरं. वर चटकन गार होतं, दुपारच्या टी-शर्टवर थांबवत नाही.

जटाशंकर, पांडवलेणी, महादेव यांना आपली गाडी चालते. ही रविवारच्या सकाळसाठी ठेवा. जटाशंकरला माकडं पिशवी ओळखतात. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की आत काय आहे हे न बघताच ओढतात. प्रसाद खिशात ठेवायचा.

आता गाडीचं, कारण या ट्रिपमध्ये बिघडतं ते इथेच. निघायच्या आठवडाभर आधी हवा, कुलंट, वायपर आणि स्टेपनी हे सगळे बघतात. ब्रेक ऑइल कोणी बघत नाही. पातळी बरोबर असली म्हणजे ऑइल बरोबर आहे असं नसतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. शहरात हे कळत नाही, कारण ब्रेक तेवढे तापतच नाहीत. घाट उतरताना मात्र ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. सर्व्हिसिंगच्या बिलावर "ब्रेक चेक" लिहिलेलं असूनही आमच्या गाडीचं ऑइल तीन वर्षं जुनं निघालं होतं, रंग काळ्या चहासारखा. दोन वर्षांनी बदलायचं, आणि बदलताना समोर उभं राहायचं.

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो आणि मागच्या चाकांना तो बहुतेक वेळा जास्त असतो. सहा माणसं आणि बॅगा म्हणजे साडेचारशे-पाचशे किलो, तेव्हा तोच आकडा धरा. हवा थंड टायरमध्ये तपासायची, निघायच्या आधी, घराजवळच्या पंपावर. छिंदवाड्याला पोचून गरम टायरमध्ये मोजली तर आकडा वाढलेला दिसतो आणि माणूस उगाच हवा काढून टाकतो.

चढताना गाडी ओढत नाही अशी तक्रार होते. ते बरोबर आहे. नागपूर ३१० मीटरवर, पचमढी हजाराच्या थोडी वर. हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दहाएक टक्के कमी पडते. गिअर आधीच खाली टाका, इंजिन धडधडू लागायची वाट बघू नका. तापमानाचा काटा वर सरकला तरच एसी बंद करा.

खरी परीक्षा रविवारी, उतरताना. नियम सोपा आहे: ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक वळणांना दुसरा, मोकळ्या उताराला तिसरा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा एल मोड. ब्रेकवर पाय ठेवून रेंगाळत उतरायचं नाही. थोडा जोरात दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा. मधल्या काळात वारा लागून ब्रेक थंड होतात. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण "डिझेल वाचते" म्हणून न्यूट्रल करणारा असतोच. त्याला शेजारच्याने तिथेच सांगायचं, "न्यूट्रल करून राहिला का बे? गिअर टाक." डिझेलही वाचत नाही. आजकालच्या गाड्या गिअरमध्ये, पाय उचलून उतरताना इंधन पूर्ण बंद करतात. उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं तरी जळतंच.

कडवट, जळक्या रबरासारखा वास आला तर तो पुढच्या ट्रकचाच आहे असं समजू नका. सपाट जागा बघून थांबा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. गरम असताना हँडब्रेक आवळू नका आणि चाकावर पाण्याची बाटली तर मुळीच ओतू नका. तापलेली डिस्क एकदम थंड झाली की वाकते, मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. अर्धा तास नुसतं उभं राहायचं. चाकाजवळ हात नेला तर झळ लागू नये, तेव्हा निघायचं.

मागच्या सीटवरच्याला मळमळ होणार, हे गृहीत धरा. ॲव्होमिनची गोळी घाटात नाही, तासभर आधी घ्यायची. गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही, झोप येते.

परतीला एक वाजता पचमढी सोडा. मटकुली ते तामिया हा जंगलाचा पट्टा उजेडात संपला पाहिजे. जनावरं रस्त्यावर येतात आणि मोबाइलला मध्येमध्ये रेंज नसते. नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा, आरसी-विमा-पीयूसीच्या छापील प्रतीही, कारण रेंज नसताना डिजीलॉकर उघडायला बसू नये. परासियाच्या पुढे पंप फार नाहीत, टाकी जाताना छिंदवाड्यालाच भरा. नागपुरात साडेसात-आठला.

महाशिवरात्री आणि नागपंचमीच्या आठवड्यात मात्र ही सगळी आखणी विसरा. तेव्हा विदर्भातली निम्मी गावं त्रिशूळ घेऊन त्याच घाटात असतात. जायचं तर यात्रेलाच जा, फिरायला नको.

सोमवारी गाडी धुवायला द्याल तेव्हा पुढची चाकं काढून ब्रेक पॅड बघायला सांगा. तीन मिलिमीटरच्या खाली असतील तर बदलायचे, "अजून एक सर्व्हिसिंग निघेल" हे ऐकायचं नाही.