आधी स्प्रिंग, मग लिफ्टर

ड्रॅग शर्यतीसाठी व्ही-8 इंजिन बांधायला घेतलं की सामानाच्या यादीत हायड्रॉलिक लिफ्टर (कॅम आणि पुशरॉडच्या मध्ये बसून व्हॉल्व्ह उघडायला लावणारा, आत तेल भरलेला भाग) फार लवकर येतो. कुणीतरी एक नाव सुचवतं, सेट मागवला जातो आणि कॅम, स्प्रिंग, पुशरॉड त्याच्याभोवती जमवले जातात. हा क्रम उलटा आहे. आधी कॅम ठरवा. त्या कॅमच्या लोबला (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्याला) आणि तुमच्या आरपीएमला पेलेल अशी स्प्रिंग ठरवा. मग त्या स्प्रिंगच्या दाबाखाली टिकेल असा लिफ्टर शोधा.

कारण समजून घेतलं की पुढचं सोपं होतं. पुशरॉड आणि रॉकरमध्ये फट पडू लागली की ती तेलाने भरून काढायची, हे लिफ्टरचं काम. 6,500 च्या आसपास स्प्रिंग अपुरी पडली तर रोलर कॅमच्या टोकावरून उडतो आणि पुशरॉडवरचा भार क्षणभर जातो. लिफ्टरच्या लेखी ही फटच असते. लिफ्टरच्या आतला दट्ट्या, म्हणजे प्लंजर, वर सरकतो आणि चेक व्हॉल्व्ह खालचं तेल कोंडून धरतो. आता व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि इंजिन तुटक तुटक चालू लागतं. सगळे म्हणतात, लिफ्टर पंप-अप झाला. झाला खरा, पण सुरुवात स्प्रिंगपासून झाली होती. याच स्प्रिंगवर महागातला लिफ्टर टाकला तर इंजिन शे-दोनशे आरपीएम पुढे जाऊन तिथेच अडेल.

उलट टोकही आहे. स्प्रिंग गरजेपेक्षा जड लावली तर लोब चढताना प्लंजरखालचं तेल फटीतून पिळून निघतं आणि लिफ्ट कमी मिळते. म्हणून हायड्रॉलिक रोलरला सीटवर 130 ते 150 पौंड आणि पूर्ण उघडल्यावर 350 ते 400 पौंड हा पट्टा बहुतेक बांधणीत बरोबर बसतो. वजन कमी करणं हा दाब वाढवण्यापेक्षा चांगला उपाय आहे: बीहाइव्ह स्प्रिंग, हलका रिटेनर, पोकळ स्टेमचा व्हॉल्व्ह. पुशरॉडचं वजन मात्र वाचवू नका, तो जाड आणि ताठच हवा. वाकणारा पुशरॉड लोब चढताना स्प्रिंगसारखा दबतो आणि पुढे व्हॉल्व्हला झटका देतो. एवढं करून 7,000 पर्यंत नीट जाता येतं. सतत त्याच्या वर फिरवायचं असेल तर सॉलिड रोलर (तेलाने फट न भरणारा लिफ्टर) घ्या, हायड्रॉलिकवर पैसे घालू नका.

आता लिफ्टर. व्यास आधी पाहा: शेवरले स्मॉल ब्लॉक आणि एलएस (जनरल मोटर्सचे नंतरच्या पिढीचे व्ही-8) 0.842 इंच, फोर्ड स्मॉल ब्लॉक 0.874 ते 0.875, क्रायस्लर 0.904. लिफ्टर आणि बोअर (ब्लॉकमधलं त्याचं भोक) यांच्यातली फट साधारण 1.2 ते 2 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). जुन्या ब्लॉकमध्ये बोअर गेजने सोळाही बोअर मोजून घ्या. एखादा ढिला निघाला तर तिथून तेलाचा दाब सुटतो आणि नवा लिफ्टरही टिकटिक करतो. कॅमचा बेस सर्कल (लोबचा न उचलणारा गोल भाग) लहान असेल किंवा लिफ्ट मोठी असेल तर आणखी एक तपासणी लागते: लिफ्टरच्या अंगावरची तेलाची खाच खालच्या किंवा वरच्या टोकाला बोअरच्या बाहेर तर येत नाही ना? आली तर दर फेरीला गॅलरीतलं तेल तिथून वाहून जाणार.

एलएससाठी दोन गोष्टी ठामपणे सांगतो. सिलिंडर बंद करणारी प्रणाली असलेलं 5.3 लिटर इंजिन हाती आलं असेल तर 1, 4, 6 आणि 7 या सिलिंडरवरचे कोलमडणारे लिफ्टर काढून टाका, आणि त्यांच्याबरोबर कॅम, ट्रे आणि व्हॅली कव्हरही बदला. दुसरी गोष्ट लिफ्टरला फिरू न देणाऱ्या प्लास्टिकच्या ट्रेची. उष्णतेने ते सैल झाले की लिफ्टर बोअरमध्ये फिरतो, रोलर आडवा होतो आणि लोब खरवडून निघतो. नवे ट्रे घाला, नाहीतर दोन लिफ्टर पट्टीने जोडलेले लिंक-बार घ्या. हेड न उचलता एलएसचे लिफ्टर बदलता येत नाहीत, त्यामुळे हा निर्णय हेड गॅस्केट बसवण्याआधीच झाला पाहिजे.

ड्रॅग स्ट्रिपसाठी शॉर्ट ट्रॅव्हल लिफ्टर मला सर्वात पटतो. त्यात प्लंजरला हलायला जागाच कमी असते, म्हणून व्हॉल्व्ह उडाला तरी पंप-अप थोडक्यात थांबतो. तो घेताना प्लंजर अडवणारी रिंग पक्की स्नॅप रिंग आहे ना, ते बघा. साधी तारेची क्लिप उच्च आरपीएमला उडते. नीडल बेअरिंगचे रोलर हलके फिरतात, पण तुटले की सुया पूर्ण इंजिनभर पसरतात. बुशवाल्या रोलरमध्ये ती भीती नाही, मात्र तिथे तेल पोचलंच पाहिजे.

प्रीलोडवर, म्हणजे शून्य फटीच्या पुढे प्लंजर किती दाबून ठेवायचा यावर, सगळ्यात जास्त वेळ द्या. किती ठेवायचा ते लिफ्टरच्या खोक्यातल्या कागदावरून घ्या, कारण प्रत्येक लिफ्टरच्या प्लंजरची चाल वेगळी असते. शून्य फट शोधताना पुशरॉड बोटांनी गोल फिरवून अंदाज घेऊ नका, वर-खाली हलवून बघा. खालीवर हालचाल थांबते ती जागा शून्य. एक्झॉस्ट उघडायला लागला की त्या सिलिंडरच्या इनटेकचा प्रीलोड लावा, इनटेक पूर्ण उघडून जवळजवळ बंद झाला की एक्झॉस्टचा. 7/16 इंच, इंचाला 20 आट्यांच्या स्टडवर 1.5 रेशोचा रॉकर असेल तर नटाचा पाव आटा पुशरॉडच्या बाजूला सुमारे 21 थाऊ होतो. पाऊण आटा वगैरे ऐकीव हिशोब करण्याआधी हे लक्षात ठेवा.

एलएसमध्ये नट नसतो, तिथे प्रीलोड पुशरॉडच्या लांबीवर ठरतो. मोजायच्या पुशरॉडने शून्य 7.350 इंचाला मिळालं आणि 50 थाऊ हवा असेल तर 7.400 चा पुशरॉड मागवा. हे मोजमाप शेवटच्या गॅस्केटवर करा. 51 थाऊच्या जागी 40 ची गॅस्केट टाकली की प्रीलोड 11 थाऊने वाढतो, हेड 20 थाऊ घासलं तर 20 ने. अॅल्युमिनिअमचा ब्लॉक तापल्यावर पोलादी पुशरॉडपेक्षा जास्त वाढतो, म्हणून फारच हलका प्रीलोड ठेवला तर गरम इंजिनवर खडखड येते.

फ्लॅट टॅपेटबद्दल, म्हणजे रोलर नसलेल्या लिफ्टरबद्दल, थोडक्यात. नव्या कॅमवर जुना लिफ्टर कधीच नाही. नवे लिफ्टर आले की दोन लिफ्टरचे तळ एकमेकांवर ठेवून पाहा, थोडे डोलले पाहिजेत, कारण तळ किंचित फुगीर असतो. पहिल्या स्टार्टला 2,000 ते 2,500 वर वीस मिनिटं, आणि जस्त-फॉस्फरस भरपूर असलेलं तेल. 2004 च्या एपीआय एसएम या तेलाच्या दर्जापासून पातळ पेट्रोल तेलांत फॉस्फरसची मर्यादा 0.08 टक्के आहे, म्हणून डिझेल इंजिनचं 15W-40, सीआय-4 दर्जाचं तेल इथे कामाला येतं, आणि ते मुंबईत कुठेही मिळतं.

मुंबईहून अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या गाड्यांत पुशरॉडवाले व्ही-8 मोजकेच. जुनी ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे 1.8 टर्बो, असेल तर तिथे पुशरॉड नाहीत, कॅमखाली थेट 20 हायड्रॉलिक बकेट (उलट्या वाटीसारखे लिफ्टर) आहेत. काढताना प्रत्येकाची जागा लिहून ठेवा आणि कॅम लागणारा चेहरा खाली करून ठेवा, म्हणजे आतलं तेल वाहून जात नाही. लाकडी पाचरीने हलके दाबल्यावर कॅमखाली 0.2 मिमीचा फीलर (फट मोजायची पट्टी) जात असेल तर ती बकेट गेली. नव्या बकेट बसवल्यावर अर्धा तास इंजिन फिरवू नका. तेलाने भरलेल्या बकेटमुळे व्हॉल्व्ह थोडे उघडे राहतात आणि पिस्टनवर आपटतात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे लिफ्टर मिळाले तरी घेऊ नका. कुठल्या लोबवर घासून आले, कुणाला सांगता येत नाही. नवा सेट बाहेरून यायला वेळ लागतो, म्हणून सोळाबरोबर एक जोडी जास्तीची मागवा, आणि हाती आल्यावर प्रत्येकाचा रोलर फिरवून, प्लंजर दाबून पाहा.

तेल ठरलेल्या खुणेच्या वर भरू नका. क्रँकने घुसळून फेस झालं की लिफ्टरमध्ये हवा जाते आणि तो मऊ पडतो. लक्षणं अगदी पंप-अपसारखी वाटतात. लाँचला तेल मागे पळतं, म्हणून पिकअपभोवती (तेल खेचणाऱ्या नळीभोवती) बॅफल, म्हणजे तेल अडवणारे पडदे, हवेच. दाबासाठी दर 1,000 आरपीएमला 10 पीएसआय हा जुना नियम पुरतो.

जून ते सप्टेंबर इंजिन उभं राहणार असेल तर आपल्या दमट हवेत रोलरवर गंज धरतो. ताजं तेल घालून, प्लग काढून, पंधरवड्यातून एकदा तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवा. सीझनच्या पहिल्या स्टार्टलाही हेच: दाब आल्यावर प्लग लावा, मग किल्ली फिरवा. पहिल्या मिनिटभराची टिकटिक चालेल, तेल गरम झाल्यावरही राहिली तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून त्या सिलिंडरचा प्रीलोड पुन्हा मोजा.