कॅमेरा बघतो, पण गाडी थांबवायची कुठे?

भारतातून कोणी इंग्लंडला आलं आणि विमानतळावरून मोटरवेने घरी निघालं, की अर्ध्या तासात दोन प्रश्न येतात. रस्त्यावर एवढे कॅमेरे कशाला? आणि कडेला थांबायची पट्टी कुठे गेली? दोन्हींचं उत्तर एकाच योजनेत आहे. त्या योजनेवर इथले चालक गेली कित्येक वर्षं नाराज आहेत. मीही आहे.

मी नॉटिंगहॅमला राहतो आणि कामासाठी मला बऱ्याचदा शेफील्डला जावं लागतं. रस्ता एम-1. जंक्शन 28 ओलांडलं की डावीकडची हार्ड शोल्डर, म्हणजे बंद पडलेली गाडी उभी करण्यासाठी राखलेली पट्टी, संपते आणि तिथेही गाड्या धावतात. चार लेन, चारही वाहत्या. डोक्यावर लोखंडी कमानी, कमानींवर वेगमर्यादेचे आकडे, कॅमेरे. याला इथे ‘स्मार्ट मोटरवे’ म्हणतात.

कल्पना मुळात वाईट नव्हती. रस्ता रुंद करायचा तर शेजारची जमीन घ्यावी लागते, पूल पाडून पुन्हा बांधावे लागतात, त्यात वर्षं आणि पैसा दोन्ही जातात. कडेची पट्टी तर तयारच आहे, मग गर्दीच्या वेळी तीच वापरू या, असा विचार झाला. 2006 मध्ये बर्मिंगहॅमजवळ एम-42 वर हे करून पाहिलं. तिथे ही पट्टी फक्त गर्दीच्या वेळी उघडत, वेग उतरवत, आणि बंद पडलेल्या गाडीसाठी साधारण दर 500 मीटरवर कडेला एक खास जागा केली होती. प्रयोग चांगला चालला. मग तो देशभर न्यायचं ठरलं, आणि नेताना ज्या अटींमुळे तो चालला होता त्या एकेक करून सैल केल्या. 2014 पासून लंडनभोवतीच्या एम-25 वर हार्ड शोल्डर कायमचीच लेन झाली. थांबायच्या दोन जागांमधलं अंतर अडीच किलोमीटरपर्यंत चालेल असं ठरलं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे. एका रस्त्यावर तपासून पाहिलं आणि दुसराच रस्ता बांधला.

त्या अंतराची भरपाई तंत्रज्ञानाने होईल असं लोकांना सांगितलं गेलं. म्हणून हे कॅमेरे. पण सगळे कॅमेरे एकच काम करत नाहीत, आणि हे इथे राहणाऱ्या बऱ्याच जणांनाही माहीत नसतं.

उंच खांबांवर फिरणारे कॅमेरे दिसतात, ते ‘नॅशनल हायवेज’ या सरकारी कंपनीचे. त्यांची चित्रं इंग्लंडभरच्या सात नियंत्रण कक्षांत जातात. त्यांच्यातून दंडाची पावती येत नाही. वाहतुकीवर नजर ठेवणं एवढंच त्यांचं काम. कमानीच्या डाव्या खांबापाशी लावलेला छोटा पिवळा कॅमेरा मात्र दंडाचा. तो रडारने वेग मोजतो आणि त्या क्षणी वर जो आकडा लाल वर्तुळात दिसत असेल तीच मर्यादा धरतो. आकडा नसेल तर नेहमीची ताशी 70 मैल, म्हणजे 112 किलोमीटर. रस्त्याचं काम चालू असेल तिथे तिसरा प्रकार येतो. दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपून मधल्या अंतराचा सरासरी वेग काढतात, त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून काही उपयोग नाही. मला हा तिसरा प्रकार सगळ्यात न्याय्य वाटतो. पिवळ्या कॅमेऱ्यापाशी लोक कमान दिसली की करकचून ब्रेक मारतात आणि ओलांडली की पुन्हा पळवतात. मागच्याची धांदल उडते.

लाल फुलीची गोष्ट वेगळी. एखाद्या लेनवर लाल फुली दिसली की ती लेन बंद. पुढे अपघात झालेला असतो, कोणाची गाडी अडकलेली असते किंवा माणसं रस्त्यावर काम करत असतात. फुलीखालून गाडी नेली तर 100 पौंड दंड आणि लायसन्सवर तीन पेनल्टी पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याची नोंद. जून 2019 पासून हे कॅमेऱ्यानेही पकडता येतं. या कॅमेऱ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उलट तो आधीच यायला हवा होता.

पण ही फुली लावतं कोण? प्रश्न तिथे आहे. रस्त्याच्या पोटात तारांची वेटोळी बसवलेली असतात, त्यांना वाहतूक मंदावलेली कळते आणि मागच्या कमानींवर वेगमर्यादा आपोआप खाली येते. गर्दीत हे उत्तम चालतं. रात्री साडेअकराला, तुरळक गाड्या असताना एकच गाडी लेनमध्ये बंद पडली, तर रांग लागत नाही, म्हणून वेटोळ्यांना काही कळत नाही. मग कोणीतरी फोन करायला हवा, किंवा नियंत्रण कक्षातल्या माणसाची नजर नेमकी त्या पडद्यावर जायला हवी. तो माणूस शेकडो कॅमेऱ्यांची चित्रं एकाच वेळी बघू शकत नाही.

सप्टेंबर 2018 मध्ये शेफील्डजवळ याच एम-1 वर नर्गिस बेगम यांच्या कुटुंबाची गाडी बंद पडली. त्या 62 वर्षांच्या होत्या. गाडीतून उतरून त्या मदतीची वाट बघत होत्या. दुसरी गाडी येऊन धडकली तोपर्यंत 16 मिनिटं झाली होती, आणि त्या 16 मिनिटांत लेनवर फुली लागली नव्हती. पुढच्याच वर्षी जूनमध्ये, तिथून जवळच, जेसन मर्सर आणि अलेक्झांड्रू मुर्जानू यांच्या गाड्या एकमेकींना घासल्या. किरकोळ टक्कर. एकमेकांचे तपशील घ्यायला दोघे थांबले, आणि थांबायला चालू लेनशिवाय जागाच नव्हती. मागून आलेल्या ट्रकने दोघांचा जीव घेतला. ट्रकचालकाचं लक्ष नव्हतं, त्याला शिक्षाही झाली. पण जानेवारी 2021 मध्ये मृत्यूची चौकशी करणारे कॉरोनर डेव्हिड अर्पेथ यांनी स्पष्ट नोंदवलं की हार्ड शोल्डर नसणं हेही या दुर्घटनेला कारणीभूत आहे. जेसन यांच्या पत्नी क्लेअर मर्सर तेव्हापासून हे रस्ते बंद व्हावेत म्हणून झगडत आहेत. इथे या विषयावर जी काही जाग आली तिचं बरंचसं श्रेय मी त्यांना देतो.

त्या जागेवरून जाताना मी कधीही डावी लेन धरत नाही. हे नियमाला धरून नाही, रस्ता मोकळा असेल तर डावीकडेच चालवायचं असतं. पण माझ्यासारखे असंख्य लोक असंच करतात, आणि मग ज्या जादा लेनसाठी एवढा खटाटोप केला ती अर्धी रिकामी धावते. लोकांचा रस्त्यावर विश्वास नसेल तर रस्त्याची आखणी कागदावर कितीही बरोबर असली तरी ती फसलीच म्हणायची.

मला स्वतःला एकदा थांबावं लागलं. थंडीचे दिवस, संध्याकाळ, मागच्या सीटवर मुलगी झोपलेली. इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. पुढचा इमर्जन्सी एरिया, म्हणजे ती थांबायची जागा, किती दूर आहे ते सांगणारी निळी पाटी नुकतीच गेली होती, म्हणून जिवात जीव होता. ही जागा नारिंगी रंगवलेली असते, सगळी मिळून साधारण 100 मीटर, त्यातला खरा उभं राहायचा तुकडा फार तर 30 मीटर. आम्ही डावीकडच्या दारांनी उतरलो, मुलीला कडेवर घेऊन कठडा ओलांडला आणि गाडीपासून मागे सरकून उभे राहिलो. चाळीस टनी ट्रक जवळून गेला की आधी आवाज येतो, मग हवेचा धक्का, आणि उभी गाडी हलताना दिसते. बायको काही बोलत होती ते मला ऐकूच येत नव्हतं.

तिथल्या नारिंगी फोनवरून नियंत्रण कक्षाशी बोललो. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं आणि बजावलं, कठड्याच्या अलीकडे येऊ नका. गाडी उचलून न्यायला आलेल्या माणसाने गाडी चढवली, पण लगेच निघाला नाही. आधी त्याच फोनवर कळवलं आणि डावी लेन बंद होण्याची वाट बघितली. उभ्या गाडीवरून एकदम साठ मैलांच्या वाहतुकीत शिरायला तिथे पुरेशी धावच मिळत नाही. तो मला म्हणाला, “तुम्ही इथपर्यंत पोचलात म्हणून बरं. लेनमध्ये अडकला असतात तर लेन बंद झाल्याशिवाय मला येताच आलं नसतं.” मदतीला येणाऱ्यांनाही चालू लेनमध्ये थांबण्याची परवानगी नसते, हे मला तेव्हा कळलं.

सरकारी बाजू सांगायलाच हवी, कारण ती खोटी नाही. हार्ड शोल्डरवर उभं राहणंही सुरक्षित नसतं. मोटरवेवरच्या दर 12 मृत्यूंपैकी एक तिथेच होतो, असा आकडा इथे नेहमी दिला जातो. धावत्या गाड्यांच्या टकरी या नव्या रस्त्यांवर कमी होतात, कारण वेग आटोक्यात राहतो. एकूण बेरीज केली तर स्मार्ट मोटरवे जुन्या मोटरवेपेक्षा वाईट दिसत नाहीत. पण बंद पडून चालू लेनमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीला धडक बसण्याचा धोका इथे जास्त आहे, हेही त्याच आकडेवारीत आहे. म्हणजे ज्याची गाडी ठीक चालली आहे त्याचा धोका कमी झाला आणि ज्याची बंद पडली त्याच्यावर तो वाढून येऊन पडला. सरासरीत हे दिसत नाही. मला हा सौदा मान्य नाही.

जानेवारी 2020 मध्ये बीबीसीने पाच वर्षांत 38 मृत्यू झाल्याचं समोर आणलं आणि चक्रं फिरू लागली. थांबलेली गाडी ओळखणारे रडार सगळीकडे बसवायचं ठरलं, आणि सप्टेंबर 2022 पर्यंत ते बसवलेही. त्याच डिसेंबरमध्ये रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या नियामकाने सांगितलं की हे रडार ठरलेल्या कसोटीला उतरत नाहीत. त्याआधी, जानेवारी 2022 मध्ये, खासदारांच्या समितीच्या अहवालानंतर नवे रस्ते थांबवून 90 कोटी पौंड सुरक्षेसाठी जाहीर झाले. त्यात थांबायच्या 150 हून जास्त नव्या जागा होत्या. एप्रिल 2023 मध्ये ऋषी सुनक सरकारने नवे स्मार्ट मोटरवे रद्दच केले. कारणं दोन दिली, खर्च आणि लोकांचा उडालेला विश्वास. जे आधीच बांधले आहेत ते मात्र चालूच आहेत, आणि आम्ही रोज त्यांच्यावरूनच जातो.

माझं मत विचाराल तर कॅमेरे काढू नयेत, ती पट्टी परत द्यावी. ते होणार नसेल तर निदान थांबायच्या जागा त्या पहिल्या प्रयोगाइतक्या जवळजवळ असाव्यात.

आता तुमच्यासाठी. भारतीय लायसन्सवर इथे 12 महिने गाडी चालवता येते, त्यामुळे येणारे बरेच जण भाड्याने गाडी घेतात. निघण्यापूर्वी टायर आणि पेट्रोल स्वतः बघा. भाड्याची गाडी आहे म्हणून दुसऱ्यावर सोडू नका. दिवा लागला, आवाज आला, तर ‘बघू पुढे’ न म्हणता लगेच पुढच्या एक्झिटने किंवा इमर्जन्सी एरियात बाहेर पडा. गाडी लेनमध्येच अडकली तर धोक्याचे दिवे लावा. अगदी डाव्या लेनमध्ये असाल आणि सुरक्षितपणे उतरता येत असेल तर डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे जा. उतरता येत नसेल तर सीटबेल्ट लावून आत बसा. दोन्ही वेळी 999 या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. तिथे संकोच करू नका, हे कारण त्या फोनसाठी पुरेसं आहे. कुठे आहात हे विचारतील तेव्हा कडेच्या छोट्या निळ्या पाट्या आठवा. साधारण दर 500 मीटरवर असतात. वर रस्त्याचं नाव, मध्ये एक इंग्रजी अक्षर, खाली आकडा. ते अक्षर तुम्ही कोणत्या दिशेच्या बाजूला आहात ते सांगतं आणि आकडा नेमकी जागा. मी प्रवासात शेजारी बसलेल्याला अधूनमधून ती पाटी मोठ्याने वाचायला सांगतो.