सुखुमवितचे बार पाडायला लष्कर आलं होतं का?

बँकॉकला गेलेली आपली मंडळी बहुतेक वेळा सुखुमवित रस्त्यावरच्या नाना परिसरात उतरतात. तिथे कुणीतरी सांगतं, की पलीकडे सोय १० पाशी (सोय म्हणजे गल्ली) बारची एक अख्खी वस्ती लष्कराने एका रात्रीत सपाट केली होती. परत आल्यावर प्रश्न हमखास येतो: हे खरं का? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घटना खरी आहे. २६ जानेवारी २००३, रविवार, उजाडण्याआधीची वेळ. सुखुमवित स्क्वेअर नावाच्या त्या जागेत साठेक गाळे होते. बहुतेक उघडे बिअर बार, मधूनमधून छोटी दुकानं. काही शे माणसं जेसीबी आणि क्रेन घेऊन आत शिरली, आतल्या लोकांना बाहेर काढलं आणि गाळे पाडून टाकले. दुकानदारांना फ्रीज, दारूचा साठा, गल्ला, हिशेबाच्या वह्या हलवायलाही सवड मिळाली नाही. सरकारी अतिक्रमणविरोधी मोहिमेशी याचा काही संबंध नव्हता. त्या काळात पंतप्रधान थाकसिन शिनावात्रांचं सरकार बार रात्री दोनला बंद करायला लावत होतं, पण पाडापाडी हा त्याचा भाग नव्हता. हा खासगी जमीन खाली करून घेण्याचा प्रकार होता.

वेळ मात्र फार विचार करून निवडलेली दिसते. तेव्हा दोननंतर गिऱ्हाईक संपायचं, चारपर्यंत मुली आणि वेटर घरी गेलेले असायचे. गर्दीच्या वेळी शहरात मोठ्या ट्रकना बंदी असते, पहाटे रस्ता मोकळा मिळतो. रविवारी न्यायालय बंद, त्यामुळे मनाई हुकूम आणायचा तरी कुठून? बिअर बारचा गाळा म्हणजे पत्र्याचं छप्पर, लाकडी काउंटर, हलक्या भिंती. यंत्राला तो पाडायला काही मिनिटं पुरतात. माणसं जास्त लागतात ती पाडायला नव्हे, कुणी आडवं येऊ नये म्हणून.

आता लष्कराचं. संशय हवेतून आलेला नव्हता. एवढी माणसं ठरल्या वेळी आणायची, कामं वाटून द्यायची, यंत्रं एकामागून एक आत सोडायची आणि लोक जागे व्हायच्या आत संपवायचं, हे नाक्यावरच्या गुंडांना जमत नाही. पुढे आरोपींत लष्करी अधिकाऱ्यांची नावं आली, त्यात एक लेफ्टनंट कर्नल आणि एक मेजर होते. म्हणून सरळ उत्तर असं: लष्करातली माणसं आरोपी होती, पण खटला व्यक्तींवर चालला, लष्कर या संस्थेवर नाही. थायलंडमध्ये सैनिक आणि पोलीस फावल्या वेळात खासगी पहारा, वसुली, जागा खाली करून देणं अशी कामं करतात, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे ज्याला सुपारी म्हणतात तोच व्यवहार. माझ्या मते हे अधिकृत आदेशाइतकंच गंभीर आहे. आदेश असेल तर निदान कागद राहतो, जबाब मागता येतो. खासगी कामाला लागलेल्या गणवेशवाल्याला समोरचा माणूस घाबरतो तेवढाच, पण त्याबद्दल जाब कुणाला विचारायचा ते कळत नाही.

इथे एक कायदेशीर बारकावा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. थायलंडमध्ये सैनिकाचा गुन्हा एरवी लष्करी न्यायालयात जातो. पण त्याच गुन्ह्यात नागरिकही सहआरोपी असले, तर लष्करी न्यायालय संघटना कायद्याच्या कलम १४ प्रमाणे खटला साध्या फौजदारी न्यायालयात चालतो. सुखुमवितच्या खटल्यात शंभरावर आरोपी होते आणि बहुसंख्य नागरिक होते. त्यामुळेच तो उघड न्यायालयात चालला आणि वर्तमानपत्रांना दिसला.

जमिनीमागचं मुख्य नाव चुवित कमोलविसित, मसाज पार्लरांचे मोठे मालक. २००३ मध्येच अटक झाली. सुटल्यावर त्यांनी पोलिसांना दिलेल्या लाचेबद्दल जाहीर बोलायला सुरुवात केली, पक्ष काढला आणि २००४ मध्ये बँकॉकच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवून तिसरे आले. वादाच्या जमिनीवर बाग केली. खटला मात्र लोंबकळत राहिला: २००६ मध्ये खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलं, २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. शेवटी त्यांनी गुन्हा कबूल केला, नुकसानभरपाई दिली, आणि जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा दोन वर्षांवर आणली. एका पहाटेच्या कामाचा निकाल लागायला तेरा वर्षं गेली. गाळा चालवणाऱ्यासाठी हा काळ म्हणजे धंदा कायमचा संपणं.

जमीन कुणाची, हा मुळात दुय्यम मुद्दा आहे. मुदत संपली, भाडं थकलं, करार पोटभाडेकरूचा आहे, यातलं काहीही खरं असलं तरी मालकाने ताबा स्वतः हिसकावून घ्यायचा नसतो. रीतसर मार्ग हा: नोटीस, दिवाणी दावा, हुकूमनामा, मग अंमलबजावणी विभागाचा अधिकारी जागेवर येऊन नोटीस लावतो आणि ताबा घेतो. म्हणून कुणी पाडायला आलं, तर गणवेश बघू नका, न्यायालयाचा कागद बघा. त्यावर खटल्याचा क्रमांक असतो.

दुकानदारांची खरी अडचण होते ती भाडेकरारात. मालक एकाला जमीन देतो, तो दुसऱ्याला, दुसरा जागेचे गाळे करून दहा जणांना. प्रत्येक टप्प्यावर पागडीसारखी रोख रक्कम घेतली जाते आणि पावती मिळतेच असं नाही. थाई दिवाणी संहितेच्या कलम ५३८ प्रमाणे तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेकरार जमीन कार्यालयात नोंदवलेला नसेल, तर तो तीन वर्षांपुरताच धरतात. नोंदणीला एकूण भाड्याच्या एक टक्का शुल्क आणि ०.१ टक्का मुद्रांक लागतो. तेवढे पैसे वाचवायला लोक तीन-तीन वर्षांचे करार एकापुढे एक करून ठेवतात, आणि जमीन विकली गेली की पुढच्या मुदतीचं वचन नव्या मालकावर बंधनकारक धरलं जाईल याची खात्री उरत नाही. कलम ५६९ नुसार जमीन विकल्याने चालू करार मोडत नाही, पण तो दाखवता यायला हवा. तिथे भागीदारीत हॉटेल किंवा बार काढणाऱ्या मराठी मंडळींनी पैसे देण्याआधी जमीन कार्यालयातून मालकीपत्राचा उतारा काढावा, त्यावरचं नाव आणि करारावरची सही जुळते का ते बघावं. मधल्या माणसाची सही असेल, तर पोटभाड्याला मालकाची लेखी संमती आहे का तेही तपासावं. करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर कलम ५४४ प्रमाणे ती लागते.

आणि पाडापाडी झालीच, तर पोलीस ठाण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे रोजनाम्यात नोंद, दुसरी म्हणजे गुन्हा दाखल करण्याची तक्रार. बरेच परदेशी लोक नोंद करून समाधानाने परततात. तिने तपास सुरू होत नाही. मालमत्तेच्या नासधुशीची तक्रार (दंडसंहिता कलम ३५८) तीन महिन्यांच्या आत करावी लागते. रात्री किंवा जमावाने घुसण्याचा गुन्हा (कलम ३६५) आपसात मिटवता येत नाही, म्हणून तक्रारीत तो वेगळा लिहून घ्यावा. ताबा परत मागणारा दिवाणी दावा एका वर्षात. जबाब थाई भाषेत लिहिला जातो, तेव्हा सही करण्यापूर्वी स्वतःच्या दुभाष्याकडून वाचून घ्यावा, आणि तक्रारीची प्रत हातात पडल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.