अंगठा, यकृत आणि बोंबील

आपल्याकडे पायांना लपायला जागा नाही. दाराबाहेर चपला काढायच्या, देवळात काढायच्या, कुणाकडे सत्यनारायणाला गेलं की काढायच्या आणि सतरंजीवर बसलं की दोन्ही अंगठे सगळ्यांसमोर. त्यात पन्नाशी ओलांडली की लोक वाकून नमस्कार करायला लागतात. नमस्कार करणारा काही डोळे मिटून वाकत नाही. दिवाळीत माझा भाचा वाकला, सरळ झाला आणि आशीर्वादाची वाट न बघता म्हणाला, "मावशी, अंगठ्याला काय लागलंय?" लागलं काहीच नव्हतं. उजव्या अंगठ्याचं नख एका कडेने पिवळं पडलं होतं, जाड झालं होतं आणि टोकाला भुसभुशीत होऊन खालच्या कातडीपासून सुटलं होतं.

नखाच्या बुरशीबद्दल वाचायला घेतलं की सुरुवातीलाच दिलासा मिळतो : त्रास बहुतेकदा दिसण्यापुरता, दुखत नाही, काही केलं नाही तरी चालतं. थंड देशांत, जिथे वर्षातले बरेच महिने पाय मोजे-बुटांत असतात, तिथे हे पटेलही. मुंबईत पाय चारचौघांत वावरतात. दिसण्यापुरतं म्हणजे नेमकं कुणाला दिसण्यापुरतं, हे दिलासा देणाऱ्यांनी आधी ठरवायला हवं.

ही बुरशी कुठून आली हे शोधायची मला गरज वाटली नाही. जून ते सप्टेंबर या शहरात कोरडा पाय घेऊन घरी येणं हा योग असतो. हिंदमाताचं पाणी, किंग्ज सर्कलचं पाणी, ऑफिसात दिवसभर ओल्याच सँडल. मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या आपण पावडर मारून दामटवतो, आणि बुरशी तिथून सरकत सरकत नखाखाली शिरते. तिचं नाव बहुतेक वेळा ट्रायकोफायटन रुब्रम. नख ज्या केरॅटिनचं बनलेलं असतं तेच तिचं अन्न, त्यामुळे एकदा आत गेली की तिला बाहेर यायचं कारण उरत नाही. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) गोळी घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात बजावते. नखांसाठी कुणी बजावत नाही, आणि ते बरोबरच आहे. लेप्टोने माणूस जातो, नखाने फक्त शोभा जाते.

एकदा भाच्याने जाहीर केल्यावर उपाय सुचवायला अख्खी इमारत पुढे आली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी हळद आणि खोबरेल तेल म्हणाल्या. जाऊबाईंनी व्हिनेगरमध्ये पाय बुडवून बसायला सांगितलं. माझ्या आईचा सगळ्यावरचा उपाय विक्स, तसा इथेही विक्स. मी हसले खरी, पण विक्सच्या बाजूने चक्क एक अभ्यास निघाला. अमेरिकेत २०११ साली छापून आलेला : १८ माणसांनी ४८ आठवडे नखाला विक्स चोळलं, त्यातल्या ५ जणांचं नख पूर्ण बरं झालं. १८ माणसं तर आमच्या मजल्यावर राहतात. त्यांच्यावरून काही ठरवायचं झालं तर आमच्या मजल्यावर सगळ्यांना शेपूची भाजी आवडते, असंही म्हणता येईल. शिवाय शेजारी काही न लावणारी १८ माणसं बसवलेली नव्हती, मग विक्सने किती झालं आणि आपोआप किती, हे कळणार कसं? तरी आईला मी तो आकडा सांगितला. तिने आश्चर्य वगैरे दाखवलं नाही.

केमिस्टकडच्या मुलाने न विचारता एक ट्यूब पुढे केली. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर स्टेरॉइड. "फास्ट रिलीफ, मॅडम." असल्या मलमांनी आपल्याकडे नायट्याचं काय करून ठेवलंय ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. स्टेरॉइडने खाज आणि लाली बसते, माणूस खूश होतो, बुरशी आत मोकळी फिरते. भारतातल्या नायट्यांतून औषधांना दाद न देणारी एक जात इतकी पसरली की २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं, देशाचं नाव आत गुंफलेलं, नाव मिळालं. आणि मलम कुठलंही असो, नखाच्या पाठीवर चोळलेलं नखाखाली पोचायचं कसं? ट्यूब परत केली.

डॉक्टरीणबाई तिशीच्या. अंगठा बघून लगेच औषध लिहितील असं वाटलं होतं, पण त्यांनी हातात घेतलं ते पातं. "काकू, आधी ही बुरशीच आहे का ते बघू. खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. उरलेल्यांत कुणाला सोरायसिस असतो, कुणाला वर्षानुवर्षं बुटाचा मार बसलेला असतो." त्यांनी सुटलेलं टोक नखकात्रीने उडवलं आणि मग नखाखाली जाता येईल तितकं आत जाऊन खरवडायला सुरुवात केली. बाहेरचा भुगा जुना, मेलेला. जिवंत बुरशी आत, जिथे चांगलं नख संपतं त्या हद्दीवर. खाली धरलेल्या काळ्या कागदाच्या घडीत पांढरी पूड पडत राहिली, रवाळ, थोडी पिवळट. कागद काळा का, ते तेव्हा कळलं. मी दुखायच्या तयारीत मूठ आवळून बसले होते, झाल्या गुदगुल्या. ती पूड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवतात. केरॅटिन विरघळतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे तेवढे उरतात. माझ्यात होते.

मग खरा हिशेब सुरू झाला.

लावायचं औषध म्हणजे नेलपॉलिशसारखी बाटली. अ‍ॅमोरोल्फिन आठवड्यातून एकदा-दोनदा, सायक्लोपिरॉक्स रोज. नख कानशीने घासायचं, पुसायचं, लावायचं, वाळू द्यायचं, आणि ती कानस चुकूनही चांगल्या नखाला लावायची नाही. हे जवळजवळ वर्षभर. पोटात काही जात नाही, त्यामुळे धोका जवळपास शून्य. यशही फार नाही : सायक्लोपिरॉक्सच्या मूळ चाचण्यांत पूर्ण बरं झालेलं नख शंभरात साडेपाच ते साडेआठ. तिकडे अमेरिकेत २०१४ मध्ये आलेलं एफिनाकोनाझोल ४८ आठवडे रोज लावून शंभरात पंधरा-अठरापर्यंत जातं. नखाचा छोटासाच भाग गेला असेल, बुरशी मुळाशी पोचली नसेल तर बाटलीला अर्थ आहे, असं बाईंचं मत. माझी बुरशी निम्म्याच्या पुढे गेली होती.

पोटातून घ्यायचं म्हणजे टर्बिनाफिन, २५० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, पायाच्या नखांसाठी १२ आठवडे. हाताच्या नखांना सहाच पुरतात. चाचण्यांत शंभरातल्या सत्तर जणांची बुरशी गेली, पण नखही अगदी पहिल्यासारखं झालं ते अडतीस जणांचं. म्हणजे बुरशी मरते, पण तिने वाकडं करून ठेवलेलं नख वाकडंच राहू शकतं. दुसरा पर्याय इट्राकोनाझोलचा, महिन्यातला एक आठवडा औषध आणि तीन आठवडे सुट्टी. ऐकायला सोयीचं. पण त्या कॅप्सूल अंगी लागायला पोटात आम्ल लागतं, आणि माझ्या डब्यात अ‍ॅसिडिटीची गोळी बारमाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं भांडण, हृदय कमजोर असेल तर ते द्यायचंच नाही. बाईंनी माझी यादी वाचली आणि तो पर्याय खोडला.

टर्बिनाफिनचा धाक यकृताचा. यकृताला इजा क्वचितच होते, पण होऊ शकते, म्हणून आधी रक्त तपासायचं. नखासाठी यकृत पणाला लावायचं का, यावर घरात परिषद भरली. ह्यांचं म्हणणं, अंगठा झाकून ठेव. मी मात्र यकृताला तितकी घाबरले नाही. यकृताची रक्तात चाचणी होते, आकडा येतो, वाढला तर गोळी बंद. माहितीपत्रकात खाली एक ओळ होती, तिने मला रात्री जागं ठेवलं : काहींची जिभेची चव जाते. नोव्हेंबर होता. बाजारात बोंबील उतरले होते. रव्यात घोळवून तव्यावर टाकलेला ताजा बोंबील तोंडात घालायचा आणि काही म्हणजे काही लागायचं नाही, हे चित्र मला कावीळ होण्यापेक्षा भयंकर वाटलं. बाईंना फोन करून विचारलं. "क्वचित होतं, काकू. आणि बहुतेकांची चव औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत परत येते." बहुतेकांची, म्हणाल्या. मी विचार करायला वेळ मागितला.

मधल्या काळात लेझरवाल्यांचंही ऐकून घेतलं. उपनगरांत त्यांच्या पाट्या आहेत, बोलणं गोड आहे, गोळ्या नाहीत, यकृत नाही. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही यंत्रं चालवायला परवानगी दिली आहे ती 'स्वच्छ नखात तात्पुरती वाढ' एवढ्यासाठी. बुरशी बरी करण्यासाठी नव्हे. तात्पुरत्या वाढीला इतके पैसे मोजायचे तर मी बाटलीभर लाल नेलपॉलिश आणून वरून फासलं नसतं का? (ते करून झालं होतं. खाली काय चाललंय ते कळत नाही, एवढाच त्याचा उपयोग.)

डॉक्टरीणबाईंकडे सासूबाईंना मी सोबत म्हणून नेलं होतं. त्यांचं नख माझ्या दुप्पट जाड, पण त्यांच्याकडे कुणी वाकून नमस्कार करताना काही बोलत नाही, वयाचा मान. बाईंनी माझा अंगठा सोडून त्यांचाच पाय मांडीवर घेतला. त्यांना मधुमेह आहे. तिथे दिसण्याचा प्रश्नच नव्हता : जाड नख चपलेत दाबतं, कातडीला चीर पडते, पायाला जाणीव कमी असल्याने कळत नाही, आणि त्या चिरेतून जंतुसंसर्ग वर चढतो. तरीही गोळी मात्र त्यांना दिली नाही, आधीच्याच औषधांची गर्दी बघून. चाळीस टक्के युरियाचं मलम लावून नख मऊ करायचं, घासून पातळ ठेवायचं आणि रोज रात्री बोटांच्या बेचक्या बघायच्या. एकच रोग, एकच घर, आणि जिला जास्त धोका तिला साधा उपाय. मला हे आधी उलटं वाटलं, मग पटलं. सासूबाईंना लगेच पटलं. "मला कुठे लग्नाला उभं राहायचंय?" म्हणाल्या.

मी गोळी घेतली. आधी रक्त तपासलं, मधेही तपासलं, आकडे शहाण्यासारखे वागले. रोज जेवताना पहिला घास जरा सावधपणे घ्यायचे, आमटी लागतेय ना, चिंच कळतेय ना. कळत होती. कोर्स संपला तेव्हा अंगठा बघून कुणालाही वाटलं असतं की पैसे वाया गेले. मुळाशी एक गुलाबी पट्टी, बाकी सगळं तसंच. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, हाताच्या निम्म्याने. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष. औषध नखात साठून राहतं आणि गोळ्या बंद झाल्यावरही काही महिने काम करत असतं, त्यामुळे रुग्णाने फक्त कापत राहायचं. शंभरातल्या त्या अडतीसमध्ये मी आहे की नाही, ते इतक्यात कळणार नाही.

बुरशी परत येण्याची सवय असलेली आहे, म्हणून बाकीची झाडझूड चालू आहे. जुन्या सँडल टाकल्या. भिजलेल्या चपलांत वर्तमानपत्र कोंबते, बेचक्या टॉवेलने पुसते, आणि तो टॉवेल वेगळा. नेलकटरही दोन झाले, माझ्याला लाल दोरा बांधलाय. ह्यांच्या करंगळीचं नख मला काही दिवसांपासून संशयास्पद वाटतंय, पिवळट आहे, कडेला भुगा आहे. माझं सगळं शुद्धीकरण त्या एका करंगळीने पाण्यात जाईल, असं समजावलं, तपासून घ्या म्हटलं. "गणपतीनंतर बघू," म्हणाले. कुठल्या वर्षीच्या, ते सांगितलं नाही.